शालिकरामची ओटी

भातकुलीचा शालिकराम माळ्याच्या घरातला. सोळा वर्षांचा झाला तरी त्याने केस कापले नव्हते, कारण गावच्या दंडारीत, म्हणजे नाचगाण्याच्या सोंगांच्या खेळात, तो बाई होऊन नाचायचा. सन चौतीसच्या उन्हाळ्यात नाच पक्का करायला तो अकोल्याला, जठारपेठेत मनकर्णामावशीकडे राहायला आला. पहाटे शेषराव उस्ताद त्याला दोन तास नाचवत. त्यांचा एकच दंडक होता: अंगावर लुगडं आहे तोवर तू बाई, काही झालं तरी सोंग मोडायचं नाही.

दुपारी तो शेजारच्या गंगूबाईंच्या ओसरीवर हार ओवायला बसे. त्यांची एकुलती एक जमुना डोक्यावर फुलांची पाटी घेऊन निघाली, की ती दिसेनाशी होईपर्यंत त्याचा हार तसाच राही.

"काहून रे, माही चाल चोरून राहिला काय?" एकदा तिने विचारलंच.

"चोरतो कायले? उसनी घेतली."

"मंग जपून वापर," ती म्हणाली, आणि लाजली.

चैत्र सरताना त्याने लग्नाचं विचारलं, आणि तिने होकार दिला. "पण मावशीले आईकडे धाड. अक्षय तृतीया झाली की लगेच."

अक्षय तृतीयेच्या संध्याकाळी चौकात दंडार झाली. शालिकराम सासरी छळलेली, माहेर नसलेली सून झाला होता. जमुनेच्याच चालीने तो असा नाचला, की बाया पदराने डोळे पुसू लागल्या. गंगूबाईंना राहवलं नाही. नारळ, तांदूळ आणि खण घेऊन त्या थेट पुढे आल्या. "माहेर नाही म्हणू नको, बाई. आजपासून मी तुही माय."

शालिकरामने उस्तादांकडे पाहिलं. उस्तादांनी 'घे' म्हणून मान हलवली. त्याने पदर पसरला आणि ओटी घेतली. गर्दीत जमुना हसत टाळ्या वाजवत होती.

आठ दिवसांनी मावशी सोयरीक घेऊन गेली. गंगूबाईंनी तिला बसायला पाट दिला.

"पोरगा गुणाचा आहे, मनकर्णाबाई. पण म्या त्याची ओटी भरली. साऱ्या पेठेदेखत लेकरू म्हटलं. आता जावई कसा म्हणू?"

"अवं, ते सोंग होतं!"

"सोंग त्याचं होतं. माहा नारळ तर खरा होता ना?"

मावशी उठून घरी आली. विहिरीवर जमुनेने शालिकरामला गाठलं.

"ओटी भरतानी तू नाही काहून म्हटलं नाही?"

"लुगडं होतं अंगावर."

"अन् लुगड्यात तू नव्हता?"

दुसऱ्या दिवशी तो भातकुलीला परतला.

माघात जमुनेचं लग्न ठरलं. तिला सख्खा भाऊ नव्हता; नवरदेवाचा कान पिळायला गंगूबाईंनी शालिकरामला बोलावणं धाडलं. त्यांच्या मनात काही वाकडं नव्हतं. लेकराचा मान लेकराला द्यायचा, एवढंच त्यांना कळत होतं. नाही म्हणावं तर पोरीच्या नावाला बोल लागेल, म्हणून तो गेला.

मांडवात पोरं ओरडली, "जोरात पिळ, भाऊ!" जमुना मुंडावळ्यांआड खाली पाहत होती. शालिकरामने नवरदेवाचा कान धरला.

"साळेबुवा, हात लई नरम हाये तुमचा," नवरदेव म्हणाला. "पिळता का कुरवाळता?"

सारा मांडव हसला. शालिकरामही हसला. नवरदेवाकडच्यांनी त्याच्या खांद्यावर मानाचं उपरणं टाकलं, ते त्याने नीट घडी करून मावशीच्या हातात दिलं; आणि पंगत बसायच्या आत तो स्टेशनाच्या वाटेला लागला.