रुमालाखालचा भाव

“रमेश, तुन्ही पोर रुमालखाल बोलस.”

मी दाराआड उभी होते. बाहेर ओट्यावर आप्पा माझ्या पप्पांना हे सांगत होते आणि पप्पा हसत होते. मी विचारलं तेवढंच आणि तेही पुटपुटत बोलते, ही त्यांची तक्रार. खरी होती. नंदुरबारच्या इंग्रजी शाळेत मला अहिराणीची लाज वाटायची आणि गावात आल्यावर इंग्रजीची, त्यामुळे दोन्हीकडे गप्प राहायची सवय लागली होती. पण यात रुमाल कुठून आला, ते कळेना.

आप्पा आमचे शेजारी. सगळी नोकरी मिरची बाजारात मापाडी म्हणून केली, म्हणजे दिवसभर दुसऱ्यांचा माल तोलला. निवृत्त झाले तरी त्यांचे पाय थांबेनात. बसून वाचलेलं त्यांना समजतच नसे. ओट्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या आणि हातात कागद. खताच्या गोणीची शिवलेली एक पिशवी होती, तिच्यात शेतीचे कायदे: बाजार समितीचा, कमाल जमीन धारणेचा, बियाण्यांचा, जीवनावश्यक वस्तूंचा. दुरुस्ती आली की नवा कागद जुन्याला टाचायचे. रद्द झालेला कायदाही फेकत नसत. “गया म्हनीसन काय व्हयनं? पुन्हा येस तो, नवा कपडा घालीसन.”

दिल्लीहून ते तीन शेती कायदे आले तेव्हा कोरोनामुळे माझं कॉलेज बंद होतं. मराठी प्रत आप्पांना मिळेना. माझ्या मोबाइलवर इंग्रजी मजकूर होता, म्हणून मला बोलावणं आलं. मी एकेक कलम वाचून हळूच मराठीत सांगायची. आप्पा फेरी अर्धवट टाकून माझ्यासमोर यायचे. “जोरमां वाच व माय! कायदा शे, मंतर नही.”

बाजाराबाहेर कुणालाही माल विकता येईल, हे त्यांना आवडलं. “बाजारमां काय काय चालस ते मन्हापेक्षा कोनले माहीत?” पण लगेच पुढचा प्रश्न. “भाव सगळास्ना समोर उघडा बोलाना, हाई कोठे लिखेल शे?”

मी वर-खाली शोधलं. भावाची माहिती देणारी व्यवस्था सरकार उभारू शकेल, एवढं सापडलं.

“म्हंजे उभारीच, आसं नही?”

मी मान हलवली.

“मान नको हालाव. बोल.”

त्या दिवशी रुमालाची गोष्ट कळली. आप्पा लहान असताना मिरचीचा उघडा लिलाव होत नसे. अडत्या आणि व्यापारी रुमालाखाली हात धरायचे, बोटं दाबून भाव ठरायचा. ज्याची मिरची, तो ढिगाशेजारी नुसता उभा. एकदा बापाच्या ढिगाशेजारी उभ्या छोट्या आप्पांनी रुमालात हात घातला, बोटं चाचपली आणि बाजारभर ओरडले, “चार! चार!” भाव तीनचा होता, चौथं बोट अडत्याचं स्वतःचं. अडत्याने दिवसभर त्यांच्या ढिगाकडे पाठ फिरवली आणि घरी येईपर्यंत बापाने आप्पांचं थोबाड सुजवलं.

“मग?” मी विचारलं.

“मंग काय. आकडा चुकना मन्हा. वरडनू ते बराबर व्हतं.”

पुढे ते कायदे मागे घेतले गेले. गावात कुणी पेढे वाटले, कुणी चिडलं. आप्पांनी पेढा खाल्ला आणि तिन्ही कायद्यांना टाचणी मारून ते पिशवीत ठेवले. दोन्ही बाजूंचे लोक त्यांच्यावर रुसले.

गेल्या पावसाळ्यात आप्पा गेले. शेवटच्या दिवसांत अंथरुणावरही त्यांची पावलं हलत असत. पिशवी त्यांच्या सुनेने मला आणून दिली. मी ती कपाटावर ठेवली आणि तिकडे पाहायचं टाळत राहिले.

या हिवाळ्यात एक व्यापारी टेम्पो घेऊन थेट गावात आला. खळ्यावर ओल्या लाल मिरचीचे ढीग होते, वर आभाळ भरलेलं. एक सर आली असती तर माल काळा पडला असता. व्यापारी एकेका ढिगाजवळ जाई, मोबाइलवर क्विंटलमागचा आकडा टाकी, फक्त मालकाला दाखवी आणि पुसून टाकी. “भाव आपल्या दोघांत. चर्चा झाली की गाडी पुढच्या गावाला.”

पप्पांनी आकडा पाहिला. शेजारच्या ढिगाच्या भिकाकाकांनीही त्यांचा पाहिला. दोघं एकमेकांकडे न बघता आभाळाकडे बघत होते.

मी पप्पांच्या मागेच होते. पुसण्याआधी आकडा मी वाचला होता. गाडी गेली तर? मिरची दोन दिवस तरी टिकेल का? पप्पा घरी काय म्हणतील? मी ढिगाच्या या बाजूने त्या बाजूला गेले, परत आले, पुन्हा गेले. व्यापाऱ्याने वळून पाहिलं. “काय ताई, काही म्हणायचंय?”

नेहमीसारखी ‘नाही’ म्हणून मान हलवायचीच बाकी होती.

“आमले बेचाळीसशे,” मी म्हटलं, सगळ्या खळ्याला ऐकू जाईल असं. “भिकाकाका, तुमले कितला?”