मोरोपंतांच्या वर्गाला वीसपैकी वीस

जठारपेठेतल्या मोरोपंतांनी पंचवीस वर्षं लोकांच्या सत्यनारायणात खोटं बोलणाऱ्या साधुवाण्याच्या नावेतल्या धनाचा पालापाचोळा केला. स्वतः मात्र आठची वेळ देऊन साडेदहाला उगवायचे आणि गाडी पंक्चर झाल्याचं सांगायचे. हाच माणूस दर रविवारी मंदिर संस्थानच्या सभागृहात चाळीस पोरांकडून खरेपणाचे श्लोक घोकून घेई.

यंदा विश्वस्तांनी विचारलं, या वर्गाने पोरं सुधारतात कशावरून? पुरावा द्या, नाहीतर सभागृह योगवाल्यांना देतो. पंतांची झोप उडाली. तेवढ्यात अमरावतीहून रागिणी आली. धार्मिक शिक्षणाने मुलं प्रामाणिक होतात का, यावर ती पीएच.डी. करत होती. आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन. तिने वीस प्रश्नांचे छापील फॉर्म पंतांच्या हवाली केले आणि आठवड्याने येते म्हणाली.

पंतांना शिकवण्याची एकच रीत ठाऊक होती: आपण सांगायचं, पोरांनी गिरवायचं. त्यांनी आपल्या मुलाचा, ईशानचा फॉर्म भरून फळ्यावर लिहिला. खोटं बोलता का? कधीच नाही. नक्कल करता का? कधीच नाही. पोरांनी सुवाच्य अक्षरात सगळं उतरवून घेतलं.

रागिणीने फॉर्म चाळले आणि कपाळाला हात लावला. "गुरुजी, एकोणचाळीस पोरायचे बाप पौरोहित्यच करतेत का जी?"

"लेकरं आहेत, चुकतात," पंत खाकरत म्हणाले.

चाळिसावा फॉर्म दामिनीचा. वडील: ऑटो चालवतात. खोटं बोलता का? हो. नक्कल करता का? 'सगळे करून राहिले. गुरुजींनी फळ्यावर लिहून देल्लं.'

महिनाअखेर प्रबंध द्यायचा होता. रागिणीने ईशानचा सोडून बाकी अडतीस बापांचा धंदा खोडून 'इतर' लिहिलं, बाकी सगळं तसंच ठेवलं. दामिनीच्या प्रामाणिकपणाला वीसपैकी तीन गुण पडले. इतका कमी आकडा सरासरी बिघडवतो, म्हणून तिचा फॉर्मच बाजूला काढला. वर्गाला पडले वीसपैकी वीस. असल्या संशोधनापेक्षा पोपटवाला बरा, निदान त्याचा पोपट चिठ्ठी तरी स्वतः उचलतो.

सभागृह वाचलं. पंतांनी रागिणीचा अहवाल फ्रेम करून तिथंच टांगला आणि वर्गाला बट्टा लावला म्हणून दामिनीचं नाव पटावरून खोडलं. जेवताना हे सगळं त्यांनी बायकोला, कुंदाला, मोठ्या ऐटीत सांगितलं.

कुंदाने तव्यावरची पोळी उलटली.

"एकच पोरगी काही शिकली होती तुमच्याकडून," ती म्हणाली. "तिलाच काढलंत."