व्यंकोबाअण्णांचं लाल सोनं

व्यंकोबाअण्णा गेल्याचं मला प्रयोगशाळेच्या दारावरच्या चिठ्ठीतून कळलं. चिठ्ठीत त्यांचं आडनाव चुकलेलं होतं. त्याला आता सहा आठवडे झाले.

मी पुण्याहून पीएच.डी.साठी बंगळूरला आले तेव्हा कुणाशी फारशी बोलत नसे. अण्णा आमचे लॅब असिस्टंट. घराणं पिढ्यान्‌पिढ्या इथलंच, त्यांचं कानडी मिसळलेलं मराठी मला निम्मंच कळायचं. पण सोन्याचे नॅनोकण कसे जन्मतात आणि वाढतात, ते त्यांनीच मला दाखवलं. सोन्याच्या क्षाराचं पाणी उकळायचं, त्यात सायट्रेट ओतायचं. पाणी आधी रंगहीन, मग काळपट, मग माणकासारखं लाल... "सगळी पोरं एकदम जन्मली पाहिजेत, अम्मा," अण्णा म्हणत. "काही आधी, काही मागनं आली, तर थोरली सोनं खाऊन फुगतात. स्वल्प थांब, रंग बघ." कण सारखे असले तर लाल, लहानमोठे झाले तर मळकट जांभळा.

सायट्रेट ओतण्याआधी अण्णा एक गोष्ट करत. वर्षभर चुकत चुकत त्यांनीच ती शोधली होती. त्या लाल रंगावर आमच्या सरांचा शोधनिबंध उभा राहिला. सर कधी शेगडीपाशी उभे राहिले नाहीत, त्यामुळे निबंधात ती गोष्टच नाही. छापून आला तेव्हा अण्णांनी पानन्‌पान चाळलं. आभारात सूक्ष्मदर्शक दुरुस्त करणाऱ्याचंही नाव होतं. "सरी, असू दे," ते म्हणाले, "पुढच्याला असेल." लेखकांत दुसरं नाव माझं होतं.

शोकसभेत सर म्हणाले, "त्यांनी आपली काचेची भांडी नेहमी लखलखीत ठेवली."

पुढच्याच आठवड्यात दिल्लीचे पाहुणे आले. सरांनी मला प्रयोग करून दाखवायला सांगितला. मी निबंध समोर ठेवून शब्दन्‌शब्द तसंच केलं. पाणी जांभळं झालं.

"काय चुकलं?" सरांनी विचारलं.

"काही नाही, सर. तुम्ही लिहिलंय तसंच केलं."

आता ते रोज विचारतात. दुसरा निबंध अडलाय. मी म्हटलं, अण्णांचं नाव पहिलं घाला. "गेलेल्या माणसाला नावाचं काय?" ते म्हणाले.

सरही मराठी, दर रविवारी वर्तमानपत्राची ही पुरवणी वाचतात, म्हणून हे मराठीत लिहिलं. सर, ती गोष्ट जिच्यात लिहिली आहे ती अण्णांची वही मी बनशंकरीला त्यांच्या पत्नीकडे, अक्कांकडे, नेऊन दिली आहे. त्यांनी ती देवघरात ठेवली आहे. तुम्ही गेलात तर त्या चहा देतील. वही मात्र अण्णांचं नाव छापलेलं पान बघितल्यावरच.