इंजिनातलं शिळं पाणी

तुमचे आजोबा गेल्यावरही मी त्यांची गाडी चालवत राहिले, हे तुम्हा दोघांना माहीत आहे. गेल्या हिवाळ्यात ती आपल्या पोर्चमध्ये सव्वा महिना इंजिन उघडून पडली होती, हे मात्र तुम्हाला कुणी सांगितलं नसेल.

आपलं घर विंझरच्या पुढे, रस्त्यापासून बरंच आत. एसटीसाठी फाट्यापर्यंत चालावं लागतं आणि माझे गुडघे आता तेवढं चालत नाहीत. गाडी आहे म्हणून मी इथे आहे. दिवाळीनंतर ती तापू लागली. आधी फक्त चढावर, मग वेल्ह्याच्या बाजाराला जातानाही. एकदा पाबे घाटात पहिल्याच वळणांवर तापमानाचा काटा लाल खुणेपलीकडे गेला, बॉनेटखालून वाफ आली आणि भाजीच्या टेम्पोने मला ओढत घरी आणलं.

तुमच्या बाबांनी परदेशातून फोनवर शांतपणे समजावलं की गाडी देऊन टाकावी, घर विकावं आणि पुण्यात लिफ्ट असलेला फ्लॅट घ्यावा. मी म्हटलं, इंजिन एकदा नीट उघडून बघू. त्यानंतर गाडी न तापता घाट चढली तर मी इथेच राहीन. नाही चढली तर तू म्हणशील तसं. ते लगेच कबूल झाले. चढेल असं त्यांना वाटत नसावं.

विंझरचे मिस्त्री आले. साठी ओलांडलेले, सगळा जन्म ट्रॅक्टर आणि विहिरींवरची इंजिनं दुरुस्त करण्यात गेलेला. मी पोर्चमध्ये वर्तमानपत्रं अंथरली. निघालेला प्रत्येक नट वेगळ्या बरणीत ठेवून त्यावर इंग्रजीत चिठ्ठी चिकटवली. त्यांनी ओळीने मांडलेल्या बरण्या पाहिल्या.

"बाई, ह्या चिठ्ठ्या तुमच्यासाठी का माझ्यासाठी? मी नट बघूनच वळकतो."

मी चिठ्ठ्या मराठीत लिहून काढल्या. त्यांनी त्याही वाचल्या नाहीत.

तिसऱ्या दिवशी इंजिनाचं हेड, म्हणजे वरचं जड झाकण, निघालं. ते तापून वाकलं होतं आणि खालचं गॅस्केट, म्हणजे मधली पातळ पट्टी, जळलं होतं. पण मिस्त्री बघत होते ते पाणी खेळण्याच्या वाटांकडे. जिथे बोट जायला हवं तिथे विणायची सुईसुद्धा जाईना. आत दगडासारखा पांढरा थर बसला होता. त्यांनी तो छिन्नीने फोडला तेव्हा ताटलीभर खपल्या निघाल्या.

पाणी शेवटचं कधी बदललं, असं त्यांनी विचारलं. मी जरा अभिमानानेच सांगितलं, दर रविवारी.

माझ्या माहेरी आणि सासरीही शिळं पाणी ठेवत नसत. सकाळी हंडे-कळश्या रिकाम्या करायच्या, घासायच्या, ताजं पाणी भरायचं. आजोबा गेल्यावर गाडी माझ्याकडे आली तेव्हा तिलाही मी तोच नियम लावला. दर रविवारी रेडिएटरखालची तोटी उघडून जुनं पाणी सोडायचं, बोअरचं ताजं भरायचं आणि कॅलेंडरवर खूण करायची. त्याच बोअरच्या पाण्याने चहाच्या भांड्याला पांढरं कडं धरतं, ते मी लिंबू लावून काढते. इंजिनात ते पांढरं कुठे जात असेल, हा प्रश्न इतक्या वर्षांत मला एकदाही पडला नाही.

"म्हणजे हे मीच केलं," मी म्हटलं.

"व्हय," मिस्त्री म्हणाले. "त्येच पाणी ऱ्हाऊ दिलं असतं तर एवढं बसलं नसतं. दर आठवड्याला नवा चुना पाजला तुमी. लई स्वच्छ हायसा, बाई. इंजिनाला न्हाई मानवत."

ते हसले. मी आत जाऊन चहा ठेवला.

हेड सपाट करायला भोरला गेलं. तोवर थर खरवडणं, पिस्टनला नव्या रिंगा बसवणं चालू होतं. हेड परत आलं तेव्हा त्यातले वॉल्व, म्हणजे झडपा, घासायचं काम मी मागून घेतलं. वॉल्वला काठी लावायची, कडेला घासायची पेस्ट लावायची आणि ताक करताना रवी फिरवतो तशी ती काठी दोन्ही तळव्यांत फिरवायची. एका दिवसाचं काम मी तीन दिवस पुरवलं. मिस्त्री दहाला येत, पाचला जात. तेवढा वेळ घरात माणसाचं खोकणं, पान्हा ठेवल्याचा आवाज असे. वॉल्व केव्हाच झाले आहेत हे त्यांना दिसत असणार. तरी ते रोज सकाळी पेस्टची डबी माझ्यापुढे ठेवत.

शेवटी त्यांनी रेडिएटरमध्ये पाण्याऐवजी इंजिन थंड ठेवणारं हिरवं कूलंट भरलं आणि त्याला हात लावायचा नाही, असं बजावलं. घाटात सोबत या म्हटलं, तर म्हणाले, "तुमची गाडी, तुमीच न्या."

मी एकटीच गेले. दुसऱ्या गिअरमध्ये, एक डोळा काट्यावर. काटा मध्यावर आला आणि तिथेच थांबला. वरपर्यंत.

आजोबा असताना आम्ही माथ्यावर इंजिन निवायला अर्धा तास थांबत असू. बॉनेट उघडं टाकून कठड्यावर बसायचं, थर्मासमधला चहा घ्यायचा. आमचं खरं बोलणं बहुतेक तिथेच झालं. आता थांबायला कारण नव्हतं. तरी मी गाडी बाजूला घेतली, पण खाली उतरले नाही. पाच मिनिटांनी पुढे पानशेतला गेले, पेट्रोल भरलं आणि त्याच रस्त्याने परत आले.

घरी पोचल्यावर तुमच्या बाबांना फोनवर मेसेज लिहिला की गाडी चढली, घर विकायचं नाही. त्यांचा नुसता अंगठा आला. तिकडे कामाची वेळ असावी.