पहिला घास माहेरचा

मेकॅनिकलची पदवी हातात पडली तेव्हा स्वयंपाकातलं मला एकच काम येत होतं, ते म्हणजे ताट घेऊन बसणं. चाकणच्या पट्ट्यात, निघोज्याजवळच्या एका कंपनीत ट्रेनी म्हणून लागलो आणि चिखलीत एका वर्कशॉपच्या डोक्यावर खोली घेतली. आम्ही मूळचे बीडकडचे. मी बारावीत असताना आई गेली. वडील गावाकडे शेती आणि दोन म्हशी सोडून कुठे हलत नाहीत. ताई लग्न होऊन वाकडला राहते. दर रविवारी मी तिच्याकडे जायचो आणि पिशवीभर डबे घेऊन यायचो. पुढचे तीन-चार दिवस माझी चैन असायची, उरलेले मेसच्या पातळ वरणावर ढकलायचो.

मग ताईला दिवस गेले आणि तिला फोडणीचा वास सहन होईना. डबे बंद झाले. मेसच्या वरणावर पूर्ण आठवडा काढण्यापेक्षा आपणच करू म्हणून मी शेगडी, कुकर आणि एक कढई घेतली. पहिला भात असा झाला की पातेलं उपडं केलं तरी खाली पडेना.

खोलीची मालकीण खाली वर्कशॉपच्या मागेच राहायची. चिखलीतल्याच जुन्या शेतकरी घरातली, मोठ्या आवाजाची बाई. आम्ही सगळे भाडेकरू तिला मावशी म्हणायचो. करपल्याचा वास खाली गेला की ती जिना चढून यायची.

"मावशी, भाजीत मीठ किती घालायचं?"

"लागंल एवढं."

"पण लागेल किती?"

"आता ते काय मला इचारतोस व्हय? भाजीला इचार!"

मला असला राग यायचा! कंपनीत आमच्याकडे बोल्ट किती आवळायचा याचंसुद्धा माप ठरलेलं असतं आणि इथे सगळा अंदाजाचा कारभार. पण मी हट्टी आहे. फर्स्ट शिफ्ट सुटली की दुपारी घरी येऊन कढईशी भांडायचो. हळूहळू भाकरी गोल व्हायला लागली, मग फुगायला लागली. पहिली भाकरी टम्म फुगली तेव्हा मी एकटाच खोलीत ओरडलो होतो. पुढे माझ्या डब्यातल्या भरल्या वांग्यावर लाइनवरचे लोक तुटून पडायला लागले. "राव, तुझं लग्न झालंय आणि तू लपवतोयस," असं एकाने तोंडावर म्हटलं. मी नाही म्हणालो नाही. मजा येत होती.

ताईला सातवा लागला आणि डोहाळजेवण ठरलं. त्यासाठी तिच्या सासूबाई माझ्याशी बोलल्या. बाई चांगली, मनात काही वाईट नाही.

"तुमच्याकडून करायला बाईमाणूस कुणी नाही ना, म्हणून आम्ही केटररला सांगतोय. वाईट वाटून घेऊ नका," त्या म्हणाल्या.

त्यांनी ते मायेनेच म्हटलं, पण मला झोंबलं. ताई शेजारीच बसली होती आणि तिने मान खाली घातली, ते तर जास्तच झोंबलं. आई गेल्यापासून माहेर हा शब्द तिने तोंडातून काढलेला मी ऐकला नव्हता. गावाला जायची ती "आबांना बघायला".

"काकू, केटरर सांगा," मी म्हणालो, "पण आमच्याकडे डोहाळजेवणाचा पहिला घास माहेरचा असतो. तो मी आणणार."

बोलून बसलो! काकू मोकळेपणाने हो म्हणाल्या. मी ताईला विचारलं, काय करू? ती क्षणभरही थांबली नाही.

"शेंगोळे."

शेंगोळे म्हणजे पिठाच्या लांब वळ्या करून, टोकं जोडून कडी करायची आणि लसणाच्या झणझणीत रश्श्यात शिजवायची. आई पावसाळी दिवसांत करायची आणि आम्ही दोघं शेवटच्या कड्यावरून मारामाऱ्या करायचो. खाल्ले ढीगभर, करताना बघितले एकदाही नाही.

मावशीला विचारलं. ती म्हणाली, "सोपं हाय. हुलग्याचं पीठ आन."

हुलगे म्हणजे कुळीथ. दोन दुकानं पालथी घातली, शेवटी गिरणीवाल्याने दळून दिले. मावशीने शेजारी उभं राहून करून घेतले. कडी सुबक, रस्सा दाट, मावशी खूश. डबा घेऊन मी थेट वाकड गाठलं. ताईने एक घास खाल्ला, "छान झालेत रे," म्हणाली आणि वाटी बाजूला ठेवली. आवडलेल्या पदार्थाला ताई छान म्हणत नाही, ती गप्प बसून संपवते. मीही चाखून बघितले होते. चांगले होते, पण आईचे नव्हते.

परत येऊन मावशीला सांगितलं तर ती उखडली. "शेंगोळी हुलग्याचीच असत्यात. दुसऱ्या कशाची करत न्हाईत कुणी!"

आता विचारायला उरले होते फक्त वडील, ज्यांना चहासुद्धा येत नाही. तरी फोन लावला.

"आबा, आई शेंगोळे कशाचे करायची?"

"कशाचे म्हंजी? पिठाचे."

"कुठल्या पिठाचे?"

"भाकरीच्या पिठाचे की रं, ज्वारीच्या. त्यात मूठभर बेसन आन जरासं गव्हाचं. हुलगं तुझ्या मायला आवडतच नव्हतं."

"तुम्हाला कसं माहीत?"

"मग लसूण कोण सोलायचं? म्याच की, चुलीपुढं बसून. आख्खा गड्डा लागतो बघ. हात आखडू नको."

काखेत कळसा म्हणतात तो हा. ज्वारीचं पीठ माझ्या भाकरीच्या डब्यातच होतं! पण फोन ठेवल्यावर मी पिठाकडे लगेच गेलो नाही. आई गेल्यानंतर आबा पहिल्यांदाच तिच्याबद्दल एवढं बोलले होते आणि मला रडू आलं होतं.

ज्वारीचे शेंगोळे वळणं मात्र सोपं नाही. पहिल्या खेपेला वळी तुटली, दुसऱ्या खेपेला रश्श्यात सगळं विरघळून पिठलं झालं. मग कळलं, पीठ गरम पाण्यात मळायचं, रस्सा खळखळ उकळल्याशिवाय कडी सोडायची नाहीत, आणि सोडल्यावर ती घट्ट होईपर्यंत पळी लावायची नाही. घाई करणाऱ्याचं पिठलंच होतं. मावशीने तोंड वाकडं करून एक वाटी घेतली, मग आपणहून दुसरी घेतली. ती वाटी मला पदवीपेक्षा मोठी वाटली.

डोहाळजेवणाच्या दिवशी मी मळलेलं पीठ आणि सोललेला लसूण घेऊन वाकडच्या त्या उंच इमारतीत गेलो. शेंगोळे आधी करून नेले तर रस्सा पिऊन फुगतात, म्हणून ते तिथेच करणार होतो. स्वयंपाकघराच्या दारात काकूंच्या सगळ्या जावा-नणंदा जमल्या. "अगंबाई, हे करणार?" कुणीतरी म्हणालं. एरवी मी भडकलो असतो. त्या दिवशी नुसती लसूण-जिऱ्याची फोडणी दिली. दारातली कुजबुज बंद झाली.

फुलांचे दागिने घालून ताई पाटावर बसली होती. केटररची पंचपक्वान्नं अजून झाकलेलीच होती. मी वाटी तिच्यापुढे ठेवली आणि बाजूला उभा राहिलो. तिने एक कडं तोडलं, खाल्लं. काही बोलली नाही. दुसरं खाल्लं, तिसरं खाल्लं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण खाणं थांबत नव्हतं. शेवटी तिने वाटी दोन्ही हातांनी उचलून रस्सा पिऊन टाकला, एवढ्या साजशृंगारात, एवढ्या बायकांसमोर.

"अजून वाढ," ती म्हणाली.

मला नाचावंसं वाटत होतं. मी वाढत राहिलो. पातेलं सगळ्यांत फिरलं, काकूंनीही मागून घेतलं.

जेवणं झाल्यावर कुणीतरी बाळंतपणाचा विषय काढला. काकू म्हणाल्या, डॉक्टर जवळ आहेत, इथेच करू.

"बाळंतपण इथंच," ताई म्हणाली. "पण त्याआधी चार दिवस मला माहेरी जायचंय."

दाजी गडबडले. "अगं, आता एवढा गावापर्यंतचा प्रवास..."

"गावाला नाही. चिखलीला."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. काकूंनी पदर सारखा केला आणि लेकीला न्यायला आलेल्या माणसाला विचारावं तसं रीतसर मला विचारलं, "मग कधी नेताय तिला?"

"आत्ताच," मी म्हणालो.