डोहावरच्या सात बाया

माझ्या बायकोला माझं सगळं ठाऊक आहे — घोरणं, उधळेपणा, चहात चोरून घातलेली जास्तीची साखर. हे एक मात्र तिलाही ठाऊक नाही. कोणालाच नाही. आज तुम्हाला सांगायला बसलो आहे खरा, पण एकदम नाही जमणार. आधी जरा इकडचं तिकडचं बोलू द्या.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी मामाकडे जायचो. अकोल्याहून वाशीमपर्यंत आगगाडी, पुढे मामाची दमणी, म्हणजे हलकी बैलगाडी, आणि मालेगाव मागे पडलं की डोंगर. गावाच्या खाली, दोन टेकड्यांच्या मध्ये नदीचा डोह होता. वैशाखात नदीची नुसती वाळू उरायची, पण डोह काही आटायचा नाही. सकाळी पोरं त्यात पडायची ती पोटात कावळे कोकलेपर्यंत. लहानग्यांच्या पाठीला वाळलेला भोपळा बांधायचे, म्हणजे बुडायची भीती नाही. मोठे तशाच उड्या मारायचे. आणि सगळ्यांत उंचावरची उडी दुर्गीची!

दुर्गी म्हणजे मामाची मुलगी, माझ्याहून वर्षाने मोठी, तेरा सरलेली. जांभळाच्या फांदीवरून ती सूर मारायची आणि तळातला गोटा मुठीत घेऊनच वर यायची. घरात तिला ऊठसूट बोलणी खावी लागायची — हे सांडलं, ते फोडलं, उंडारून आली. पाण्यात तिला बोलणार कोण? तिथे ती अशी हसायची की काठावरच्या म्हशीसुद्धा वळून बघायच्या. त्या वर्षी तिचं लग्न ठरलं होतं. सासरचं गाव कोरडं, पाणी काय ते खोल विहिरीचं. मामीने तिला सांगूनच टाकलं होतं, "लगन होईलोक पोहून घे माय, मंग काई नाई." लग्नाला तीन आठवडे उरले होते. हे मला ठाऊक होतं — एवढं लक्षात असू द्या.

आता माझं. मला पोहता येत नव्हतं. यात काय पाप? काहीच नाही. पण मी इंग्रजी तिसरीतला, म्हणजे आताच्या सातवीतला, पायात बूट घालणारा, आणि आल्या दिवशीच जेवताना सगळ्यांदेखत सांगून बसलो होतो की अकोल्याची मोर्णा नदी मी या काठावरून त्या काठावर सहज पोहून जातो. मामाला काय आनंद झाला! "उद्या सकाळी चाल डोहावर. आमाले बी पाहू दे तुयं अकोल्याचं पोहनं," म्हणाला आणि चार घरी आमंत्रण देऊन आला.

पहिल्या सकाळी माझं पोट दुखलं. दुसऱ्या सकाळी पाय मुरगळला. तिसऱ्या दिवशी मामा म्हणाला, उद्या उचलून नेतो.

त्या दुपारी मी एकटाच डोहावर गेलो. पाणी हिरवंगार, तळ दिसेना. बुडायची भीती वाटली, खोटं कशाला बोलू? पण त्याहून मोठी भीती दुसरीच. पाच-पाच वर्षांच्या पोरांच्या रांगेत, पाठीला भोपळा बांधून उभा असलेला इंग्रजी तिसरीतला मी — तो मला स्वच्छ दिसला. तसाच पळत घरी आलो आणि मामीला सांगितलं: डोहावर सात बाया बसल्या होत्या. ओले केस मोकळे सोडून. एकीनं मला हाक मारली, आणि मग एकदम कोणीच नाही.

सातच का? आठ सांगितल्या असत्या तर ऊन लागलं म्हणत मामीने कांद्याचा रस पायाला चोळून मला झोपवलं असतं. पण साती आसरा म्हणजे पाण्यातल्या देवी. भर दुपारी डोहावर येतात आणि मनात भरलेल्या माणसाला आत ओढून नेतात, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. मी मोजूनमापून सात म्हणालो.

"वो माय! भलत्या टायमाले कायले गेला रे तिकडं?" मामीच्या हातातली परातच खाली पडली. संध्याकाळी बायका हळदकुंकू, हिरवे खण, बांगड्या घेऊन डोहावर गेल्या. सात गोटे मांडले, त्यांना शेंदूर लागला. गावाने ठरवलं, यंदा डोहात कोणी उतरायचं नाही. आणि लग्न ठरलेल्या पोरीने तर तिकडे फिरकायचंही नाही, कारण आसरांची नजर आधी नवरीवर जाते.

मला काय माहीत की हे एवढं — नाही, थांबा. सबब सांगायची नाही असं ठरवून बसलो आहे.

माझी मात्र चंगळ झाली. देवींनी दर्शन दिलेला मुलगा! आमरस मला, शेवया मला. शेजारच्या गावची एक म्हातारी तर माझ्या पाया पडून गेली. दर खेपेला मी थोडी भर घालायचो. शेवटी शेवटी एका बाईच्या नाकात नथसुद्धा आली. हसताय? मीही हसायचो, तोंड फिरवून.

आणि दुर्गी? ती ओसरीवर गहू निवडत बसलेली. तीन आठवडे. एकदा तिने विचारलं, "खरंच बलावलं त्याईनं तुले?" मी मान डोलावली. खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. भोपळा बघून लोक चार दिवस हसले असते, पाचव्या दिवशी विसरले असते. ते चार दिवस मला नको होते, म्हणून मी तिचे तीन आठवडे घालवले. लाज वाटते मला. अजून वाटते.

लग्न झालं. दमणीत बसलेल्या दुर्गीने मला जवळ बोलावलं. रडून रडून नाक लाल झालेलं. कानाशी लागून म्हणाली, "म्या आसराइले मनात लय शिव्या देल्ल्या रे. तुले दिसते त्या, तुयं आयकतीन. माह्याकडून माफी मांगजो."

मी हो म्हणालो.

पुढच्या उन्हाळ्यात दुसऱ्या गावच्या तळ्यात मी पोहायला शिकलो — भोपळा बांधून. आज झकास पोहतो. दुर्गी माहेरपणाला यायची, पण आधी लेकरं, मग वय. पाण्यात ती पुन्हा कधी उतरली नाही. आता तीही नाही.

त्या दिवशी दमणी दिसेनाशी झाल्यावर मी खरोखरच डोहावर गेलो. सात गोट्यांपुढे हात जोडले आणि दुर्गीच्या वतीने माफी मागितली. दुर्गीची मात्र कधीच मागितली नाही.