ग्रीक सरांचा पारामिथिया

मयतीच्या घरी ग्रीक सर कधी उभे राहिले नाहीत. बाकीचे लोक दाराशी यायचे, हात जोडायचे, "होणाऱ्याले कोण टाळते" म्हणायचे आणि अंगणात जाऊन धानाच्या भावाचं बोलत बसायचे. सर चपला काढून सरळ आत जायचे. सगळ्यात जास्त कोलमडलेलं माणूस कोण ते बघायचे आणि त्याच्या बाजूला जमिनीवर मांडी घालायचे. मग हळूहळू बोलायला लागायचे. "उभ्यानं बोललेलं दुःखाले आयकू येत नाई," असं त्यांचं म्हणणं.

मूल गावच्या कॉलेजात ते आम्हाला इतिहास शिकवत. नागपूरला एम.ए. करताना ते पाली शिकले. पालीत यवनांचे, म्हणजे ग्रीकांचे, उल्लेख वाचून त्यांना ग्रीकची ओढ लागली आणि एका म्हाताऱ्या पाद्र्याकडून त्यांनी ती भाषाही शिकून घेतली. रविवारी सकाळी विहारात वंदना, दुपारी पाद्र्याकडे ग्रीक. गावाला याचं फार नवल. राईस मिलवरचे लोक गमतीनं विचारायचे, "सर, आपल्या इकडे ग्रीक कोणाले लागते?" सर हसून म्हणायचे, "मले लागते न."

त्यांचा एक लाडका शब्द होता, पारामिथिया. वर्गात तो फळ्यावर लिहून ते मधोमध रेघ मारायचे. "पारा म्हणजे बाजूला. मिथॉस म्हणजे बोलणं, गोष्ट. कोणाच्या बाजूला बसून बोलणं, तो पारामिथिया. आपण त्याले सांत्वन म्हणतो. पण लढाईच्या आधी भेलेल्या माणसाले धीर द्यायचा, तरी ग्रीक माणूस हाच शब्द वापरे." मग खडू ठेवून जरा आनंदानं सांगायचे, "अन् आजचे ग्रीक लोक लेकरांले जी गोष्ट सांगते, राजाराणीची, राक्षसाची, तिले म्हणते पारामिथी. पाहा, धीर देता देता त्या शब्दाची गोष्ट होऊन गेली."

माझे बाबा गेले तेव्हा आई दोन्ही हात मांडीत घेऊन नुसती बसली होती. सर तिच्या बाजूला बसले आणि बाबा तरुणपणी नाटकात राणी झाले होते ते सांगू लागले. बाबांनी मिशी काढायला साफ नकार दिला होता. शेवटी तोंडावर पदर धरून राणी स्टेजवर आली. आईनं मान वर केली आणि विचारलं, "मंग?" सर पुढचं सांगत राहिले. त्या दिवशी आमच्या घरात आई बोलली ते एवढंच.

सरांची एकुलती मुलगी सुजाता माझी मैत्रीण. ती नर्स झाली आणि एटापल्लीच्या आत, जंगलातल्या एका आरोग्य उपकेंद्रात गेली. सर सगळ्यांना कौतुकानं सांगायचे. सुट्टीत घरी आली की ती त्यांना म्हणायची, "बाबा, तुमचा शब्द तिथी कामी येते. बाईले कळा सुरू झाल्या की मी बाजूला बसून बोलत राह्यतो. तिले मराठी नाई समजत, तरी बोलतो."

एका पावसाळ्यात सुजाताला ताप आला. मलेरिया मेंदूत गेला. नाल्याला पूर होता आणि गाडी पलीकडच्या काठावर अडकली. गावातल्या लोकांनी तिला खाटेवर घालून काठापर्यंत आणलं. पाणी उतरेपर्यंत तिनं जीव सोडला होता.

सरांच्या घरी लोक आले, हात जोडून गेले. सुजाताची आई, आमच्या काकू, भिंतीकडे तोंड करून पडून असायच्या. सर त्यांच्या बाजूला बसले आणि सुजाताच्या लहानपणाचं काहीतरी सांगू लागले. काकू म्हणाल्या, "तुमचं ग्रीक राहू द्या आता. मले माही पोरगी पाहिजे." त्यानंतर सर बोलले नाहीत, पण बाजूला बसणं त्यांनी सोडलं नाही. मी डबा घेऊन जायची तेव्हा दोघं तसेच दिसायचे. एकदा सर मला फाटकापर्यंत सोडायला आले आणि म्हणाले, "बसता येते मले. बोलणं नाई येऊन राह्यलं."

हिवाळ्यात सुजाताचं सामान आणायला आम्ही तिघं गेलो. उपकेंद्रातल्या आशाताईंनी चहा केला. आम्ही आल्याचं कळून झुरी नावाची एक माडिया आदिवासी बाई कडेवर मुलगी घेऊन आली आणि काकूंना अगदी लागून बसली. तिच्या भाषेत बोलू लागली. बोलणं संपेचना. खूप वेळानं काकूंनी आशाताईंना विचारलं, "काय सांगून राह्यली ते?"

आशाताई म्हणाल्या, "हे पोरगी सुजाताताईच्या हातची हाये. झुरी म्हणते, मी कळांनी ओरडत होती तं ताई बाजूला बसून काही तरी सांगे. मले एक शब्द समजला नाई. पण ते चूप झाली का मी तिचा हात दाबू, मंग ते पुन्हा सांगे."

"काय सांगे माही पोरगी?"

झुरीला ते कुठून माहीत असणार. तिनं थोडा विचार केला, मग खांदे डोलवत हसून म्हणाली, "ढुमुक, ढुमुक."

मोहाची फुलं खाऊन झिंगलेलं अस्वल ढुमुक ढुमुक चालत घरी जातं, अशी एक गोष्ट काकू सुजाताला जेवू घालताना सांगायच्या. स्वतःच रचलेली. त्यांनी झुरीची मुलगी मांडीवर घेतली, तिच्या केसांत तोंड खुपसलं आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा मोठ्यानं रडल्या. मग रडता रडताच त्या लेकराला ती गोष्ट सांगू लागल्या. लेकराला मराठी येत नव्हतं. ते टक लावून ऐकत होतं.

सर दाराशी उभे होते. मला म्हणाले, "माह्या सांगण्यातली नाई सांगितली पोरीनं. मायची सांगितली." आणि तिथेच उंबऱ्यावर बसले.

निवृत्तीनंतर दोघं तिकडेच राहायला गेले. त्या गावात एक खोली घेतली. ग्रीक पुस्तकं सरांनी माझ्याकडे ठेवली, मला त्यातलं अक्षर वाचता येत नाही. गेल्या वर्षी सर झोपेतच गेले. मी पोहोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं. काकू अंगणात तांदूळ निवडत होत्या, बाजूला झुरी होती. मी म्हटलं, "काकू, आता मूलला चला. एकट्या इथं कशा राहाल?"

काकूंनी सूप खाली ठेवलं.

"मूलमंधी मले सारे मेलेल्या पोरीची माय म्हणून पाह्यते. इथी सुजाताची माय म्हणते. मी नाई येत बाई."